देवरावभाऊजींची पाहुणी सांडणी

मे महिन्यात आमच्या मारेगावकडे माणूस सावलीतही भाजून निघतो. आमचे शेजारी देवरावभाऊजी मात्र पंखा बंद करून, अंगावर घोंगडं घेऊन ओसरीत बसायचे. काहून म्हणून विचारलं तर म्हणाले, "उंट पाहा, वहिनी. अंग तापू देते, पन घाम गाळत नाही. तुमी लोकं पाणी वाया घालून राह्यले." शेवटी आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं. सलाइन चढत होतं, तर बाटलीकडे पाहून म्हणतात, "उंटाले हे एक घोट."

हे वेड काठेवाड्यांमुळे लागलं. कापूस वेचून झाला की हे मेंढपाळ उंटांवर बिऱ्हाड लादून येतात. खत मिळावं म्हणून आम्ही त्यांच्या मेंढ्या शेतात बसवतो. सगळे मेंढ्या पाहतात, भाऊजी उंटापुढे बसून राहतात. पारावर कोणी म्हणालं, की उंटाच्या कुबडात पाणी असतं, तर संपलंच. "चरबी हाय बावा ते. खायाले नसलं का त्यावर निभते." एकदा वरातीत धूळ उडाली, तर वरमाईला म्हणाले, "उंटाले नाकपुड्या मिटता येतात, तुमाले नाही." बाई अजून त्यांच्याशी बोलत नाही.

गेल्या वर्षी जेठाभाई काठेवाड्याची एक सांडणी, म्हणजे उंटीण, लंगडली. पावसाआधी तांडा निघायचा, आणि हिला चालवेना. भाऊजी म्हणाले, "मायाजवळ ठेवा."

आम्ही कपाळाला हात लावला. उंटाचा गादीसारखा पाय रेतीत रुतत नाही, पण आमच्या काळ्या चिखलात घसरतो. एकदा मांड्या फाकल्या की जनावर गेलंच. भाऊजींनी नव्या खोलीसाठी आणलेला मुरूम सगळा अंगणात तिच्याखाली पसरला. डासांसाठी कडुलिंबाचा धूर केला. खोली राहिली तशीच. पावसाळाभर भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "ऊठ बाई, हळू. घाई नाही." बायको, शांताबाई, वारल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

कापूस वेचून झाल्यावर जेठाभाई तांडा घेऊन आला. सांडणी ठणठणीत चालत होती. तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "देवरावभाई, आप ही रख लो. अब ये आपकी है."

मला वाटलं, आता हा माणूस नाचतो. भाऊजींनी दावं जेठाभाईच्या हातात दिलं.

"नाही. कळपातलं जनावर हाय. मायासंगं किती बोलन ते? एकट्याची सवय लई वाईट. लागली का सुटत नाही."

सांडणी इतर उंटांत मिसळली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. भाऊजी बराच वेळ बांधावर उभे होते.

संध्याकाळी ते आमच्या दाराशी आले. शांताबाई गेल्यापासून मी त्यांना कितीदा जेवायला बोलावलं असेल. दरवेळी "हाय ना घरी भाकर" म्हणून टाळायचे. आज चपला काढता काढता खाली पाहत म्हणाले, "वहिनी, मले वाढान का आज?"

"या ना भाऊजी," मी म्हणाले. डोळे भरून आले होते, म्हणून पाट मांडायला आत गेले.