वाट नसलेला नकाशा

नाना अभ्यंकर माणसांच्या मागून चालत असत. अंगात विलायती कोट, खाली धोतर, पायात बूट आणि हातात वही. कोणी घराबाहेर पडलं की दहा पावलं मागे नाना निघालेच. तो कुठे वळला, कुठला दगडी गडगा ओलांडला, कोणाच्या परसात घुसला, सगळं वहीत टिपायचं. एकदा एका मासेवालीच्या मागे ते भाट्याच्या खाडीपासून बाजारापर्यंत गेले. बाईने पाटी उतरवली, कंबरेवर हात ठेवले आणि चारचौघांत विचारलं, "काय रे ए कोटवाल्या, मासली हवीय की माझा पत्ता?" नानांनी टोपी काढून नम्रपणे सांगितलं, "बाई, मला फक्त तुमची वाट हवी आहे." यावर तिने जे काय ऐकवलं ते मी लिहीत नाही.

ही तीस सालाच्या आसपासची गोष्ट. गावं कशी वसवावीत, रस्ते कुठून काढावेत हे शिकवणारी शाळा विलायतेतल्या एका विद्यापीठात आहे आणि तिथे फक्त पदवीधरांना घेतात, हे रत्नागिरीला नानांमुळे कळलं. आमच्या आळीतल्या गंगूकाकूंना ते पटेना. "रस्ता काढायला शिकायला कशाला हवं हो? गुरं काढतात की!" नानांनी टाळी वाजवली. "वा! अगदी हेच आमचे प्रोफेसर म्हणत. आधी पाय, मग पट्टी!" हे वाक्य ते दिवसातून दहादा तरी म्हणत. पानावर बसतानासुद्धा.

परत आल्यावर त्यांनी तसलीच शाळा आपल्या पडवीत काढली. बाहेर पाटी लावली: 'नगररचना विद्यालय. फक्त पदवीधरांसाठी.' गावात पदवीधर मोजून दहाबारा, त्यांतले निम्मे वकील. विद्यार्थी मिळाला एकच, तो मी. मी नगरपालिकेत कारकून. "तुम्ही बी. ए. ना? मग जा," असा अध्यक्षांचा हुकूम. हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर आपण होऊन येत, पण पदवी नाही म्हणून नाना त्यांना पायरीवर बसवत. आत घेतलं तर विद्यालयाचा दर्जा जाईल म्हणे! नकाशे मात्र त्या बिचाऱ्यानेच काढायचे, कारण मला सरळ रेघ ओढता येत नसे.

मला हा माणूस आवडत नव्हता. सांगूनच टाकतो.

त्याचं कारण त्या पडवीतून रोज दिसायचं. रस्त्याला लागून नानांचं घर, त्यामागे त्यांचे थोरले भाऊ अण्णा, अण्णांच्या मागे आम्ही आणि आमच्या मागे गंगूकाकू धरून दहा घरं. पूर्वी सगळी आळी एकमेकांच्या अंगणांतून सरळ रस्त्यावर निघायची. मग नानांचे वडील वारले. वाटणी झाली, वाटणीतून भांडण आणि भांडणातून कोर्ट. नानांच्या अंगणातून आपली वाट आहे, हा अण्णांचा दावा. वाट नव्हती, अशी साक्ष देऊन नाना आगबोटीत बसले ते थेट विलायतेला. निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांच्या वकिलाने दोन्ही घरांमध्ये पुरुषभर चिऱ्यांचा गडगा घालून घेतला, वर निवडुंग लावलं. तेव्हापासून अख्खी आळी मागच्या व्हाळातून वळसा घालून जाऊ लागली. उन्हाळ्यात व्हाळ म्हणजे नुसते धोंडे. श्रावणात तो दोन्ही काठ भरून वाहतो.

त्याच श्रावणात माझी बायको बाळंतपणात अडली. डॉक्टर साठीचे, त्यांना गडगा चढवेना. व्हाळाच्या पलीकडे छत्री धरून ते उभे राहिले. पाणी उतरायला दुपार झाली. मुलगा होता. गेला.

या गोष्टीला चार वर्षं झाली होती. नानांना हे कोणी सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पडवीत बसून मी "हो सर, हो सर" म्हणायचो आणि समोरच्या त्या निवडुंगाकडे बघून मनातल्या मनात शिव्या द्यायचो.

आणि आता बायकोला पुन्हा दिवस होते. दिवस भरणार ते पुन्हा श्रावणातच! व्हाळावर धुणं न्यायचं तिने सोडून दिलं होतं.

अशात नगरपालिकेने आमच्या आळीतून पाखाडी बांधायचं ठरवलं. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. अट एवढीच, की लोकांची वाट पूर्वापार जिथून असेल तिथूनच ती जाईल, आणि तसं प्रत्येक घरमालकाने सहीनिशी लिहून द्यायचं. पावसाआधी बांधायची तर अक्षय्य तृतीयेच्या आत नकाशा हवा, नाहीतर मंजुरी बाजाराच्या कामाला जाणार. नकाशाचं काम नानांकडे आलं, मदतनीस मी.

नाना हरखले. घरोघर कागद वाटले: 'आपल्या अंगणातून कोण कोण जाते?' अहो, कोकणातल्या माणसाला हे लेखी विचारायचं? आमच्याकडे जाणाऱ्याला कोणी अडवत नाही, वर पाणी विचारतील, गूळ देतील. पण लिहून? छे! लिहिलं की वहिवाट झाली आणि वहिवाट झाली की नातवंडांपर्यंत कोर्ट. गंगूकाकू अंगणात उभ्या राहून सांगत होत्या, "आमच्या अंगणातून कुत्रं फिरकत नाही हो." हे सांगेस्तोवर त्यांच्या पाठीमागून दोन पोरं, एक गाय आणि दूधवाला गेला. नानांनी नुसतं बोट दाखवलं. काकूंनी वळूनही पाहिलं नाही. "कुठे कोण आहे?"

बारा घरांतून बारा कागद आले. सगळ्यांवर 'कोणी नाही.'

त्यातला एक माझा होता. बायकोने तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा?"

"आधी नानांना लिहू दे," मी म्हटलं. सगळी आळी हेच म्हणत होती. पुढच्याच अंगणात वाट नाही, तर मागच्यांनी लिहून देऊन करायचं काय? घोडं नानांच्या दारात अडलं होतं आणि नाना दुसऱ्यांचे कागद गोळा करत हिंडत होते.

सभेत नकाशा उलगडला. घरं होती, विहिरी होत्या, माड होते. वाट एकही नव्हती. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "नाना, या आळीतली माणसं उडत जातात काय?" सभा खो खो हसली. नानांचे कान लाल झाले. "मला आठ दिवस द्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "आधी पाय..." आणि माझा तोल गेला. "सर, गडग्याबद्दल काही सांगितलं होतं का तुमच्या प्रोफेसरांनी?" मग मी सगळं बोललो. श्रावण, डॉक्टर, मुलगा, सगळं. ड्रॉइंग मास्तर पायरीवर खाली मान घालून बसले होते.

नानांनी एकच विचारलं, "डॉक्टर कुठे उभे होते?"

मी त्यांना व्हाळावर नेलं आणि जागा दाखवली. कोरडे ठणठणीत धोंडे. नाना तिथे उभे राहिले आणि पलीकडे आमच्या घराकडे बघत राहिले. वही उघडली नाही. मला वाटलं काहीतरी म्हणतील, निदान 'वाईट झालं' तरी. मी तसाच पाठ फिरवून कचेरीत गेलो.

आठ दिवसांनी पुन्हा सभा. आळीतले सगळे आले होते. अण्णा शेवटच्या बाकावर, हातात काठी. नानांनी नकाशा टेबलावर पसरला आणि खिशातून लाल पेन्सिल काढली. रस्त्यापासून निघून त्यांनी एक रेघ ओढली, आपल्या अंगणातून, गडग्यातून आरपार, थेट अण्णांच्या मागील दारापर्यंत.

"ही वाट होती," ते म्हणाले. "कोर्टात मला विचारलं, होती का? मी शपथेवर नाही म्हटलं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्यानंतर रोज याच वाटेने मी मागच्या घरी वहिनीकडे जेवायला जात होतो."

अध्यक्ष स्वतः वकील. ते हळूच म्हणाले, "नाना, हे लिहून देऊ नका. खोट्या साक्षीची कबुली आहे ही. तुमच्यावर खटला होईल."

"होऊ दे."

त्यांनी सही केली. आता अण्णा काय करतात? अण्णा उठले, काठी टेकत टेबलाशी आले, पेन उचललं आणि स्वतःच्या कागदावरचं 'कोणी नाही' खोडून सही केली. भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. आले तसे निघून गेले. मग मी सही केली. गंगूकाकू पदर सावरत पुढे झाल्या. "कुत्रं काय, गायसुद्धा जाते असं लिही हो. आणि दूधवाला."

खटला झाला नाही, पण नानांचं काम गेलं. खोटी साक्ष कबूल केलेला माणूस पालिकेला कसा चालावा? अध्यक्षांनी हळहळत का होईना, दुसरा माणूस नेमला. नानांनी आपण होऊन पडवीवरची पाटी काढली. पाखाडी मात्र मृगाच्या आधी पुरी झाली, आणि श्रावणातल्या भर पावसात आमचे म्हातारे डॉक्टर तिच्यावरून छत्री सांभाळत धापा टाकत आले. मुलगी झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडलो, त्यात लाजायचं काय?

अण्णांकडे मात्र सामसूम होती. वाट उघडी होती, पण ते म्हातारे हट्टाने पाणी उतरेपर्यंत थांबून व्हाळातूनच जात. नाना पडवीत बसून बघत असत.

बारसं उरकल्यावर एक दिवस मी नानांना घरी जेवायला बोलावलं. माझ्या आईने काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. नानांनी तीनदा वाढून घेतलं, वर ताक प्यायले, ढेकर दिला. मग आम्ही दोघे पाखाडीने त्यांच्या पडवीत येऊन सुपारी कातरत बसलो. तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. अण्णांच्या घरातून वहिनी येत होत्या. केस पांढरे झालेले, हात पिठाचे. त्या पडवीपाशी थांबल्या. इतक्या वर्षांत त्या या अंगणात आल्या नव्हत्या.

"भावजी, जेवलात का?"

नाना ताडकन उठले.

"हे पानावर खोळंबलेत," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, बघ तो जेवलाय का."

"नाही, वहिनी," नाना म्हणाले. "सकाळपासून पोटात काही नाही."

मी शेजारीच बसलो होतो. सुपारी कातरत राहिलो.