जावयाचं पथ्य

लग्नानंतर पहिल्यांदाच जबलपूरला सासरवाडीला जायचं ठरलं, तेव्हा पुण्याच्या अनुपमने सासूबाईंसाठी साडी घेतली, सासऱ्यांसाठी शाल घेतली आणि स्वतःसाठी खाण्याच्या ठिकाणांची पक्की माहिती काढली. सराफा बाजारातले मूगडाळीचे मंगोडे, गोहलपूर भागातला आलूबंडा आणि ती काळीभोर खव्याची जलेबी. (सासरची माणसं त्याच्या खालोखाल होती. तसं तो बोलत नसे, एवढंच.)

अडचण सासूबाईंची, विनताताईंची होती. पोचल्या पोचल्या दुपारच्या ताटावर त्यांनी धमकी दिली, "संध्याकाळी खास बेत आहे बरं." खास बेत म्हणजे पुरणपोळीच असणार, आणि पुरणपोळी तर पुण्यातही मिळते. पोटात जागा राखायला हवी होती. अनुपमने चेहरा पाडून ताट सरकवलं.

"काहून अनुपमजी, जेवून नाही राहिले?"

"पोट बिघडलंय जरा. नुसतं ताक घेतो आणि पाय मोकळे करून येतो."

विनताताईंचा चेहरा उतरला. अनुपमला फार वाईट वाटलं, अगदी रिक्षा मिळेपर्यंत.

सराफ्यात मंगोड्यांच्या गाड्यावर त्याच्यापुढे एक बाई होत्या. "भैया, जितने हैं सब बाँध दो. घर में दामाद जी आए हैं." गाडेवाल्याने परात पिशवीत रिकामी केली आणि पीठ संपल्याचं अनुपमला सांगितलं. तो गोहलपूरला पोचला, तर स्कूटरवर त्याच बाई, आणि आलूबंड्यांचा शेवटचा घाणा त्यांच्या डब्यात. जलेबीच्या दुकानात पुन्हा त्याच, शेवटची जलेबी तोलून घेताना.

एव्हाना पोटातलं ताक केव्हाच जिरलं होतं. अनुपमने तिथेच उभ्याने पुण्याला योगेंद्रला फोन लावला.

"अरे, पोट बिघडल्याचं नाटक करून निसटलो, आणि इथे एक बाई अख्खं गाव उचलून चालली आहे. जावई आलाय म्हणे. भस्म्या झालाय की काय त्या जावयाला? असला हावरट माणूस घरात घेतात कशाला?"

हे सगळं खणखणीत आवाजात. जबलपुरात मराठी कोणाला कळतं, असा त्याचा ठाम समज होता. (अख्खी सासरवाडी मराठी होती, पण एवढा पुरावा त्याला पुरला नव्हता.) बाईंनी वळून त्याला नीट न्याहाळलं, गोड हसल्या आणि स्कूटरला किक मारली.

संध्याकाळी भुकेने कासावीस झालेला अनुपम पुरणपोळीची वाट बघत बसला होता. आता त्याला पुरणपोळीही चालणार होती. दार उघडलं आणि त्या बाई पिशव्यांसकट आत आल्या.

"ही माझी धाकटी बहीण, पूर्णिमा," विनताताई म्हणाल्या. "दीप्तीनं सांगितलं, तुम्हाला बाहेरचं खायचा भारी शौक. म्हणून हिला सगळीकडे पाठवलं. अन् नेमकं आजच तुमचं पोट बिघडलं."

अनुपमने बायकोकडे पाहिलं. दीप्ती आलूबंडा खात होती.

"तसं आता बरंच बरं वाटतंय," तो घाईने म्हणाला.

"नको नको, चेहरा केवढासा झाला आहे," पूर्णिमामावशी म्हणाल्या. "ताई, यांना मऊ भात लाव. पथ्य म्हणजे पथ्य."

ताटात मऊ भात आला. समोर जलेबीचा पाक चमकत होता. विनताताई तूप आणायला आत गेल्याचं बघून तो कुजबुजला, "मावशी, तुम्ही मला ओळखलं होतं?"

"लग्नात तुम्ही पाया पडत सुटले होते, तुम्हाला चेहरे पाहायला फुरसत नव्हती. मी पाहून राहिली होती."

"एकच जलेबी द्या. चूक झाली."

"घ्या ना. पण मग लोक म्हणतील, कोणाच्या तरी जावयाला भस्म्या झाला आहे."

अनुपमने आणखी भात वाढून घेतला. भूक खरी होती, त्यामुळे तो पातेलं रिकामं होईस्तोवर जेवला.

विनताताईंचे डोळे भरून आले.

"किती साधा जावई मिळाला," त्या बहिणीला म्हणाल्या. "तुला उगाच गावभर फिरवलं. आता हे जेव्हा येतील तेव्हा मऊ भातच करत जाईन. पाहा ना, किती आवडीनं खाल्ला."