श्रीपादअण्णांची बादली

श्रीपादअण्णा गाडी चालवत महिन्यातून एकदा आणि तिला पॉलिश करत दर रविवारी. बनशंकरीच्या देवळापर्यंत जाऊन आलेली गाडी पुढचे चार रविवार नुसती चकाकत उभी असे.

नव्वदच्या दशकात नोकरीसाठी आम्ही पुण्याहून बंगळुरात आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. अण्णांचं मराठी घराणं पिढ्यानपिढ्या इथलं. मी यादी करून जगणारी बाई. पहिल्याच महिन्यात यादीत एक कलम आलं: रविवारी अंगणात कपडे वाळत घालू नयेत.

कारण अण्णांची बादली. लोकरीचं गोल पॅड ड्रिलला लावून ते गाडीवर फिरवत. पॅड मेणाने भरे. हाताने चोळलं की लोकर सुटे, म्हणून अण्णांनी यंत्र बनवलं. रंगाची रिकामी बादली, तळाशी पालथी रोळी, रिठ्याचं पाणी आणि झाकणाला मधोमध भोक. भोकातून ड्रिलचा दांडा आत, दांड्याला पॅड. ते रोळीवर गरगर फिरे आणि मळ खाली बसे.

पहिल्या चाचणीला झाकण माझ्या हाती होतं.

"कुलकर्णीबाई, स्वल्प दाबून धरा की!"

मी स्वल्पच दाबलं. झाकण उडालं. मी आणि माझ्या चार चादरी रिठ्यात न्हालो.

खिडकीत बसलेल्या त्यांच्या पत्नी, सुशीलाक्का, म्हणाल्या, "अहो, पॅड धुतलंत की बाईंना?"

"दोन्ही! सरी झालं की!"

"नवी पॅडं का घेत नाही?" मी अण्णांना दर आठवड्याला विचारी.

"हीच टिकली पाहिजेत," एवढंच उत्तर. धुतलेली पॅडं दोरीवर टांगून ते खिडकीकडे ओरडत, "आठ!" आतून अक्कांचं "सरी", म्हणजे 'ठीक', येई. मला ती हजेरी हास्यास्पद वाटे.

युगादी, म्हणजे आपला पाडवा, जवळ आला आणि मी अंगण आवरायला घेतलं. अण्णा अक्कांना घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. दोरीवरची सात कळकट पॅडं मी कचऱ्याच्या गाडीत टाकली, त्यांच्या जागी डझनभर नवी पांढरीशुभ्र टांगली आणि यादीत बरोबरची खूण केली. 'आधी विचारणे' असं कलम यादीत नव्हतं.

अण्णा परतले. एक नवं पॅड उलटून पाहिलं.

"छान आहेत हो बाई." मग हळूच, "जुनी?"

मी सांगितलं.

"गाडी घेतली तेव्हा हिने आपली शाल कापून शिवली होती. आता हिला सुई धरवत नाही."

दारात अक्का डाव्या हाताने उजवा हात उचलून पोटाशी धरत होत्या. मी नाक्यापर्यंत धावले. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती.

"सरी, सोडा," अण्णा म्हणाले. त्यांनी मला रागाचा एक शब्द तरी बोलायला हवा होता.

आठवं पॅड बादलीत भिजत राहिलं होतं, तेवढं वाचलं. नवी त्यांनी नीट रचून माळ्यावर ठेवली. गाडीवर धूळ साचू लागली. ड्रिल पुन्हा लागलं नाही. दर रविवारी अण्णा ते एकुलतं पॅड बादलीत हलकेच बुचकळत, दोरीवर टांगत आणि खिडकीकडे वळत.

"आठ!"

खिडकीतून सगळी दोरी दिसते. मी तिथे बसून पाहिलं आहे.

"सरी," अक्का म्हणत.