राणेकाकांचा मॅग्नेट

लोक सकाळी कुत्रा फिरवतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले राणेकाका दोरीला बांधलेला मॅग्नेट फिरवतात. पार्किंगमधले खिळे उचलले जातात, स्कूटर पंक्चर होत नाहीत, म्हणून कोणी काही बोलत नाही. वैताग येतो तो त्यांनी जिन्यात गाठल्यावर.

"काय रे झिला, मॅग्नेट शब्द खंयसून इलो?"

सोमवारी म्हणाले, मगनभाई नावाच्या माणसाला तो मुलुंडच्या मार्केटात सापडला, म्हणून मॅग्नेट. बुधवारी म्हणाले, मालवणात एकजण मुलीला मागणी घालायला गेला तो तिथेच चिकटला, तेव्हापासून. शुक्रवारी तर चक्क मगर आली! माझं डोकं पार भंजाळलं. शेवटी मी मोबाइलवर खरं उत्तर काढून नाकासमोर धरलं. काकांनी फोन बाजूला सारला.

"खरां नको रे! खरां माका ठावक आसा. चुकीचां कायतरी सांग."

आता बोला! आयुष्यभर फॅक्टरीत फिटर म्हणून सूतभर फरक न खपवलेला माणूस, आणि याला मुद्दाम चुकीचं हवंय.

परवा त्यांनी मला चहाला बोलावलं. काकू खिडकीशी बसल्या होत्या. अख्खी हयात शाळेत शिकवण्यात गेलेल्या काकू वर्षभरात सगळं विसरत गेल्या, पोरांची नावंसुद्धा. काका त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"बाई, मॅग्नेट शब्द मगरीवरून आला."

काकूंची नजर खिडकीबाहेरच.

"मग मगनभाईवरून?"

काका माझ्याकडे वळले. "खरं सांगितलं की नुसती मान डोलावते. चुकलं की बोलते. काल याच चुकांवर बोलली होती रे, आज त्या जुन्या झाल्या. दिवसाचं तेवढंच बोलणं."

त्यांचा आवाज फाटला. मी घाईघाईने हात वर केला. "बाई, मंगळसूत्रावरून आला. एकदा गळ्यात पडलं की सुटत नाही."

काकूंच्या कपाळाला आठी पडली.

"चूक! ग्रीसमध्ये मॅग्नेशिया नावाचा प्रांत आहे. तिथे तसले दगड सापडायचे. त्यावरून मॅग्नेट." मग बोट काकांकडे वळलं. "आणि राणे, हसतोस काय? बाकावर उभा राहा."

सत्तरी उलटलेले काका भिंतीला धरून स्टुलावर चढले. तिथूनच डोळे पुसत मला म्हणाले, "उद्या दुसरी चूक घेऊन ये, झिला."