दीपालीचा दीपक

सृष्टी शनिवारी सांगलीहून फलटणला आली ती फक्त कागदांचा गठ्ठा न्यायला. सांगलीच्याच विश्रामबाग भागातल्या एका प्रकाशनाने कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी-स्पर्धा ठेवली होती आणि सोमवार शेवटचा दिवस होता. तिने लिहिलेल्या कादंबरीचं हस्तलिखित टाईप करायचं काम तिच्या वडिलांनी हट्टाने मागून घेतलं होतं. नानासो, म्हणजे सृष्टीचे आप्पा, लष्करात बावीस वर्षं क्लार्क होते. त्यांच्या हातून गेलेल्या कागदात काना-मात्रेचीही चूक कधी सापडली नव्हती.

"झालं बघ टाईप," आप्पा म्हणाले. "पर चुका लय हुत्या. दुरुस्त केल्यात."

"कसल्या चुका?"

"आगं, चौथ्या प्रकरणात भाग्यश्रीचा जीव जिनेशवर. आन सातव्यात तू लिवलंस, दीपाली हसली की भाग्यश्रीच्या काळजाचा ठोका चुकतो. गडबडीत दीपकचं दीपाली झालंय, मी वळखलं."

सृष्टीने भराभर पानं उलटली. दीपालीचा दीपक झाला होता. दीपक मुलींच्या वसतिगृहात, भाग्यश्रीच्याच खोलीत राहतो, हे आप्पांना चालणं शक्य नव्हतं. म्हणून त्याला आत्याच्या घरी हलवलं होतं. आत्या आली म्हणून तिला चार वाक्यं द्यावी लागली होती. ओढणीचा मफलर झाला होता, तोही ऐन मे महिन्यात. आणि एका मुलीच्या मागे दोन मुलगे बरे दिसत नाहीत म्हणून नवव्या प्रकरणात दीपक सैन्यात भरती होऊन लेहला गेला होता.

"आप्पा, ही दुरुस्ती?"

"लेहची थंडी मी सोता काढलीया. त्यात एक चूक दाखीव!"

सृष्टीला हसू आलं.

"आप्पा, ती चूक न्हवती. भाग्यश्रीला दोघंबी आवडतात. जिनेशबी आन दीपालीबी. असतात अशी मानसं."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. आतून गहू निवडता निवडता आई म्हणाली, "मी तवाच म्हनलं हुतं, लेकीनं लिवलंय तसं ऱ्हाऊ द्या."

"म्हंजे चुका माज्याच," आप्पा म्हणाले आणि पुन्हा संगणकापुढे बसले.

रविवारी दुपारपर्यंत दीपाली लेहहून परत आली, ओढणी जागेवर गेली आणि आत्याला निरोप दिला गेला. प्रिंटर सुरू झाला, तरी आप्पांचं समाधान होईना.

"ही भाग्यश्री दीपालीच्या कविता सोताच्या नावावर वाचती, जिनेशला थापा मारती. ते तरी चुकून लिवलंस न्हवं?"

"न्हाई आप्पा, मुद्दाम. ती चुकती, मग निस्तरती."

"आगं, नायिका हाय ती!"

"म्हनूनच."

पानं बाहेर पडत होती. त्यांच्याकडेच बघत सृष्टी हळूच म्हणाली, "आप्पा, मीबी भाग्यश्रीसारखीच हाय."

आप्पांचा चेहरा खर्रकन उतरला.

"कुनाच्या कविता चोरल्यास?"

"आवं न्हाई! ते न्हवं. ते... जिनेश आन दीपालीचं."

आप्पांनी छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला.

"मग तसं नीट सांग की! केवढा घाबारलो मी."