धडधाकट माणूस

सरकारी ऑफिसातून फोन आला तेव्हा लिफ्टवाला जिन्यात बसून बूट घालत होता. "उद्या दुपारी तुमच्या घरी येतेय," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "पाळणाघराची मदत पुढे चालू ठेवायच्या आधी घर बघावं लागतं." बस, एवढंच. पण बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला अंधारात लोंबकळताना ज्याचं काळीज कधी हललं नाही, त्या गड्याचे हातपाय गार पडले. कामावर जायचं सोडून तो एका पायात बूट घालूनच घरात परत आला.

चोराच्या मनात चांदणं म्हणावं, तर बिचाऱ्यानं चोरीही केलेली नव्हती. लेकीच्या पाळणाघराचा बराचसा खर्च सरकार उचलत होतं. अटी दोनच. आईबाप दोघंही कामावर हवेत, आणि मूल सांभाळू शकेल असं दुसरं धडधाकट माणूस घरात नको. आणि सध्या घरात त्याची आई होती. तिच्या घरातले नळ फुटले, फरशी उखडली, म्हणून ती इकडे राहायला आली होती. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली बाई. सकाळी बैठका मारायची, तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक विचारपूस करायला वर यायचे. हिच्याइतकं धडधाकट माणूस त्या अख्ख्या इमारतीत नव्हतं.

"मदत गेली तर पाळणाघर गेलं," तो बायकोला म्हणाला. "आणि पाळणाघर गेलं तर?"

बायको बस चालवायची आणि नुकतीच कायम झाली होती. दोघांपैकी कुणाची नोकरी जाईल हे सांगायची गरज नव्हती. भीती तिलाही वाटत होती, पण त्या घरात घाबरायचं काम नवरा आधीच मन लावून करत होता.

"सरळ खरं सांगू या," ती म्हणाली. "आई चार दिवसांच्या पाहुण्या आहेत."

"सरकारी माणसाला खरं सांगून कुणाचं भलं झालंय?"

"मग काय, आईंना कपाटात ठेवणार?"

कपाटाचा विचार त्यानं मघाशीच करून सोडून दिला होता. आई मावली असती, पण गप्प बसली नसती. शेवटी तो भीतभीतच आईपाशी गेला आणि म्हणाला, "आई, उद्या थोडा वेळ आजारी पडशील का?" आता दोन रट्टे बसणार अशी त्याची खात्री होती. पण आई चटकन म्हणाली, "पडते की. किती आजारी पडू?" लिफ्टवाल्याला भरून आलं. शेवटी आईचं काळीज ते, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लेक पाळणाघरात होती आणि आई गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पलंगावर. तपासनीस बाई आल्या, खुर्चीवर टेकल्या, आणि आईनं असा काही खोकला काढला की बायकोसुद्धा दचकली. पाठोपाठ हात थरथरला, डोळे फिरले. एवढं ठरलेलं नव्हतं.

"अगंबाई," तपासनीस बाई म्हणाल्या. "यांच्याजवळ दिवसभर कोण असतं?"

कुणी नसतं म्हणावं, तर म्हातारीला टाकून जाणारा ठरतो. "मी असतो," लिफ्टवाला म्हणून गेला.

"म्हणजे तुम्ही कामावर जात नाही?"

"जातो की. रोज जातो. शेजारच्या काकू बसतात यांच्याजवळ."

"दिवसभर? मग त्या मुलीलाही बघू शकतील."

"छे, त्यांना ऐकू येत नाही."

"आणि इतक्या आजारी बाईला त्यांच्या भरवशावर ठेवता?"

बायकोनं त्याच्या पायावर पाय दिला. पण खोटं बोलणाऱ्याला थांबता आलं असतं तर आणखी काय हवं होतं. आगीतून फुफाट्यात पडलेला तो माणूस घाम पुसत म्हणाला, "खरं सांगू का मॅडम, या आमच्या कुणी नाहीतच. माझी आई नाहीये ही. अशाच आल्यात."

खोकला एकदम थांबला. पांघरूण बाजूला झालं. आई उठली, ताठ उभी राहिली आणि वर्गात पोरांना उभं करायच्या आवाजात म्हणाली, "काय म्हणालास?"

आता सगळंच संपलं होतं. बायकोच्या डोळ्यांपुढे तिची बस दुसरंच कुणीतरी घेऊन चाललं होतं.

तपासनीस बाईंनी एकेकाकडे पाहिलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "अहो, आजीआजोबा त्या अटीत धरतच नाहीत. नातवंडं सांभाळायची सक्ती कुणावर नाही. आजी स्वतःहून हो म्हणाल्या, तरच मदत बंद होते. घरात आजी असतील, तर तेवढंच विचारायचं असतं." त्या आईकडे वळल्या. "आजी, नातीला दिवसभर तुम्ही सांभाळाल का?"

नात म्हणजे आईचा जीव की प्राण. त्यात आता आई भडकलेली. हो म्हणायला तिला कितीसा वेळ लागणार होता? बायकोनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"नाही," आई म्हणाली.

"नक्की ना?"

"अगदी नक्की. माझ्या घराचं काम झालं की मी निघाले." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "मी आल्यापासून या दोघांची कुजबूज चाललीय. मला वाटलं, हे मला कायमचं इथं ठेवून घेतायत. जीव नुसता टांगणीला लागला होता. पण यानंच मला आजारी पड म्हटलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. म्हटलं, आजारी बाईच्या गळ्यात पोर कोण बांधेल?"

तपासनीस बाईंनी मदत चालू राहील असं सांगितलं, शेजारच्या काकूंना नमस्कार सांगायला सांगितला आणि गेल्या. बायको खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. नोकरी राहिली होती.

लिफ्टवाला मात्र खिडकीपाशी तोंड पाडून उभा होता. हवं ते सगळं मिळालं होतं, तरी कुठेतरी टोचत होतं.

"आई," तो शेवटी म्हणाला, "नाही म्हण, त्याला माझी हरकत नाही. पण इतक्या पटकन? पोरगी तुझी नात आहे. जरा विचार तरी करायचास."

"विचार कधीच करून झालाय," आई म्हणाली. "तुला वाढवत होते ना, तेव्हा."