पालथं घालून बघणाऱ्या शोभाताई

शोभाताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी खाली वाकतात. यजमानांना वाटतं, बाई जुन्या वळणाच्या, पाया पडतायत. शोभाताई गालिच्याचा कोपरा पालथा घालत असतात.

"समोरून सगळेच छान दिसतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पालथं घाला, मग बोला."

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या आमच्या ऑफिसात त्या टेस्टर आहेत. मी कोड लिहितो, त्या तो पालथा घालतात. अकरा वर्षांत माझं एकही काम त्यांच्या हातून सुखरूप सुटलेलं नाही. त्यांची एक, फक्त एक चूक आपल्याला सापडावी, एवढीच माझी परदेशातली महत्त्वाकांक्षा उरली होती.

गालिच्यांचं वेड त्यांना आल्मेरेत, त्या राहतात त्या गावात लागलं. शेजारी महीनबाई राहतात, मूळच्या इराणातल्या तब्रीझच्या. त्यांनी शोभाताईंना विणायला शिकवलं. तेव्हापासून शोभाताईंच्या हॉलमध्ये माग आहे आणि सोफा बेडरूममध्ये. पाहुण्यांनी बसायचं कुठे, असं मी एकदा विचारलं.

"मांडी घालता येत नाही का?"

इथल्या जुन्या कॅफेत टेबलावर गालिचा पसरायची रीत आहे. अशाच एका कॅफेत, ऑफिसच्या निरोपाच्या पार्टीत शोभाताईंनी तोही उलटला. त्यावर सात ग्लास होते. "मशीनचा आहे," त्यांनी जाहीर केलं. बाकीचे टिश्यू शोधत होते.

माणसांनाही हाच न्याय, इराणी गालिच्यांच्या नावांनी. आमचा मॅनेजर म्हणजे कूमचा गालिचा: "रेशमी. भिंतीला टांगायचा, पाय ठेवला की संपला." एचआरची बाई काशान: "मधोमध स्वतः, बाकीची नक्षी भोवती." हेरीजला मात्र मान: "जाडाभरडा, कोनाकोनांचा, पण नातवंडं नाचली तरी झिजत नाही." मी आशेनं विचारलं, मग मी कुठला?

"तू मशीनचा, संदीप. हातच्याची झालर त्याच्याच धाग्यांची असते, तुझी नंतर शिवलीय."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग एका रविवारी, ऑफिसचा लॅपटॉप पोचवायच्या निमित्तानं मी आल्मेरेला गेलो. मागावरचा गालिचा मागून बघायचाच आणि चूक शोधायचीच, असं गाडीतच ठरवलं होतं. शोभाताई आणि महीनबाई फळीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. मला मागे जायचे कष्टच पडले नाहीत. गाठ घ्यायची दोन उभ्या धाग्यांवर, आणि शोभाताईंनी माझ्या डोळ्यांदेखत चारांवर घेतली. ही कामचुकार विणकराची चोरी, हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात महीनबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"फाउट," महीनबाई म्हणाल्या. डचमध्ये चूक. त्यांनी गाठ उसवली, स्वतः नीट घातली आणि वर्गातल्या बाईंसारखं शोभाताईंकडे बघितलं.

मागावरची नजर न काढता शोभाताई मराठीत म्हणाल्या, "माझं नाव विसरल्यात त्या. रॉटरडॅमला असलेल्या स्वतःच्या मुलाचंही. जेवायचंसुद्धा विसरतात. गाठ तेवढी नाही विसरल्या. रोज माझी एक चूक सापडली की खूश होतात, मग चार घास जातात पोटात."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम?"

"रोज नवी शोधून काढावी लागते. सोपी दिली तर चिडतात."

अकरा वर्षं वाट बघितलेली चूक समोर होती, आणि ती ऑफिसात कुणाला सांगायची माझी आता छाती नव्हती.

महीनबाईंनी मला हातानंच बोलावलं, आपल्या शेजारी बसवलं आणि लाल लोकर दिली. मी मन लावून, दोनच धागे दोनदा मोजून गाठ घातली.

"फाउट," त्या म्हणाल्या आणि तोंडभर हसल्या.

शोभाताई लगबगीनं उठल्या.

"आज दोन सापडल्या. भात जास्त लावते. तूही जेवूनच जा."